मोडीत काढलेली ठमी

बाई आधी हात लावायच्या, मग बोलायच्या. तोही तळहात नव्हे, हाताची पालथी बाजू. तापलेल्या पोराचं कपाळ असो, चहाची किटली असो, नाहीतर तुमचा-आमचा गाल असो. पालथा हात टेकवायचा, डोळे किंचित मिटायचे आणि निकाल द्यायचा. निकाल दोनच. "ऊब हाय", नाहीतर "गार पडलं". आमच्या साखर कारखान्याच्या दवाखान्यात थर्मामीटर होतं. पण बाईंचा हात आणि थर्मामीटर यांच्यात मतभेद झाला, तर कंपाउंडर थर्मामीटर झटकून पुन्हा लावायचा.

मंडळी, याच पालथ्या हाताने बाई रोज सकाळी एका इंजिनाचाही ताप बघत असत.

बाई म्हणजे आमच्या दवाखान्यातल्या सुईणबाई. मिशनमध्ये शिकलेल्या, पांढरं लुगडं, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस, आणि श्रीरामपूर ते देवळाली प्रवरा या पट्ट्यातली निम्मी पोरं आपल्या हातावर आलीत असा चेहरा. मी कारखान्याच्या काट्यावर कारकून. उसाच्या गाड्यांचं वजन करायचं, म्हणून बाई मला 'काटेभाऊ' म्हणत. माझं आडनाव काटे नाही, हे मी त्यांना पुष्कळदा सांगितलं. शेवटी माझ्या बायकोलाही लोक काटेवहिनी म्हणू लागले, तेव्हा मी नाद सोडला.

आणि इंजिन म्हणजे ठमी. उसाच्या डब्यांची गाडी ओढणारं, छोट्या रुळांवरचं, बुटकं, गोल पोटाचं, उंच धुराड्याचं विलायती इंजिन. तिच्या अंगावर कधीकाळी एक इंग्रजी नाव होतं म्हणतात. पण तिला एकदा पाहिल्यावर ठमीशिवाय दुसरं नाव सुचणं शक्य नव्हतं. पुढे मोठं नवं इंजिन आलं, दवाखान्याला लॉरी आली आणि ठमीला शेडमागच्या गंजक्या रुळांवर एका कडुलिंबाखाली नेऊन उभं केलं.

तिथे आमचं मंडळ भरायचं. मंडळ म्हणजे मी, कंपाउंडर आणि बाई. दर रविवारी बाई प्रार्थनेहून परत आल्या की आम्ही ठमीच्या सावलीत जमायचो. बाई पदरातून चिंच आणायच्या, कंपाउंडर त्या चिंचेने तिचा पितळी दिवा घासायचा आणि मी देखरेख करायचो. आमच्यापैकी एकालाही इंजिन चालवता येत नव्हतं. कुठला दांडा ओढला की काय होतं यावर आमची जोरदार भांडणं व्हायची आणि तिघेही चुकलेले असायचो. पण प्रेमाला माहिती लागते असं थोडंच आहे?

माझं प्रेम तर अगदीच नाटकी. मी गळ्याला लाल रुमाल बांधायचो, ड्रायव्हरच्या जागी उभा राहून अर्धं अंग बाहेर काढायचो आणि तोंडानेच शिट्टी वाजवायचो. "झुक झुक" हेही मीच म्हणायचो. एका रविवारी हा प्रयोग ऐन रंगात असताना मॅनेजरसाहेबांची बायको पुण्याच्या पाहुण्यांना कारखाना दाखवत तिथे आली. मी शिट्टी अर्ध्यावर गिळली. बाई मात्र पाहुण्यांना शांतपणे म्हणाल्या, "ह्ये आमचे काटेभाऊ. हंगाम न्हाई ना सध्या, म्हनून आसं हुतं त्यांचं."

रोज सकाळी कामावर जाताना बाई वाट वाकडी करून ठमीकडे जायच्या. पालथा हात तिच्या पोटाला लावायच्या.

"ऊब हाय."

"बाई, ते ऊन आहे," कंपाउंडर एकदा म्हणाला. तो सायन्स शिकलेला, म्हणजे मॅट्रिकला दोनदा बसलेला. "तिच्यात विस्तव पेटून दोन वर्षं झाली."

"मंग तुमच्या पोटात काय इंगळ पेटलाय व्हय, दादा? तुमची ऊबबी बाजरीचीच हाय की. हिची उन्हाची. ऊब ती ऊब."

विज्ञानाने खिशातलं थर्मामीटर उगाच झटकलं.

ठमीवर बाईंचा एवढा जीव का, ते सांगतो. लॉरी येण्याआधी लांबच्या फडावर एखादी तोडणीवाली बाई अडली, की बाई ठमीवर बसून जायच्या आणि तिला घेऊन यायच्या. एकदा अशीच एक पोर कळा देत होती. परतीच्या वाटेत ठमीचा एक पाइप फुटला, वाफ सगळीकडून सुटली. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, आता थांबायला लागंल." बाई म्हणाल्या, "ही थांबंल का? हिला इचारा आधी." ही म्हणजे अडलेली बाई की ठमी, ते ड्रायव्हरला कळलं नाही, पण थांबायचा धीर झाला नाही. ठमी फुसफुसत, थुंकत, मुंगीच्या चालीने दवाखान्यापाशी आली. पोरगं दारातच झालं. त्याला अख्खा फड 'इंजिन्या' म्हणायचा.

"आमी दोघी एकाच खात्यातल्या," बाई म्हणायच्या. आता नवे डॉक्टर बाईंनाही अधूनमधून सुचवत होते, की बाई, बसा आता घरी, आराम करा. बाई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. मला मात्र एकदा म्हणाल्या, "काटेभाऊ, ती हुबी हाय तवर मीबी हुबी हाय. ती गेली तर सकाळच्याला कुनाकडं बघून कामावर जाऊ?"

ते लढाईचे दिवस होते. लोखंडाला सोन्याचा भाव आला होता.

आता त्या ऐतिहासिक गोंधळाकडे येतो. यात मुख्य भूमिका माझी आहे, आणि ती मी फार मन लावून केली.

आमचे मॅनेजरसाहेब मोडी लिपीचे भक्त. बरेचसे मुकादम जुन्या वळणाचे, मोडी वाचणारे. बाळबोध, म्हणजे आपलं देवनागरी, अक्षर त्यांना जड जायचं. म्हणून हंगामाच्या तोंडावर साहेबांनी फर्मान काढलं, की उसाच्या डब्यांवरच्या सगळ्या पाट्या मोडीत काढा. काम माझ्याकडे आलं, कारण माझं मोडी अक्षर. मंडळी, स्वतःची स्तुती करू नये, पण माझं मोडी म्हणजे वाहतं पाणी. लेखणी एकदा टेकली की ओळ संपल्यावरच उचलायची. मी सफेद्याचा डबा आणि कुंचला घेऊन कामाला लागलो आणि एवढा रंगलो, की घरी पिंपावरही 'पाणी' असं लिहून टाकलं.

अशात एका सकाळी साहेब घाईने चालले होते. मी पाट्या रंगवतोय, शेजारी बाई उभ्या. साहेब थांबलेही नाहीत. जाता जाता म्हणाले, "वा, छान! आणि हो, ती ठमीसुद्धा मोडीत काढा. परवा नगरहून माणूस येतोय."

दुसऱ्या कुणालाही याचा अर्थ लख्ख कळला असता. पण माझ्या डोक्यात तेव्हा एकच मोडी होती.

"ऐकलंत, बाई?" मी आनंदाने ओरडलो. "ठमीवरही अक्षर काढायचं! नगरहून कुणीतरी खास बघायला येतंय!"

बाईंनी साहेबांच्या पाठीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग कुंचल्याकडे.

"व्हय," त्या म्हणाल्या. "तुमी म्हनताय तर तसंच आसल. काढा मोडीत. चांगलं ठसठशीत काढा."

दुसऱ्या दिवशी मंडळाची तातडीची बैठक ठमीपुढे भरली. तिच्याच अंगाला जडवलेल्या पाण्याच्या टाकीवर मी या टोकापासून त्या टोकापर्यंत आधी एक सरळ रेघ ओढली, कारण मोडीत आधी रेघ आणि मग त्या रेघेला लोंबणारी अक्षरं. आता लिहायचं काय? मी म्हणालो, रीतसर मायना हवा. चिरंजीव सौभाग्यवती ठमीबाई यांसी.

"सौभाग्यवती कशी?" कंपाउंडर म्हणाला. "लग्न कुठं झालंय तिचं?"

"मग कुमारी?"

"या वयात?"

नव्या इंजिनाशी ठमीचं नातं काय, इथपर्यंत वाद गेला. त्याला दीर म्हणावं की सवत, यावर आम्ही दोघे शिकलेले पुरुष हातघाईवर आलो. बाईंनी ठमीच्या पोटावर पालथा हात ठेवला आणि म्हणाल्या, "मी सांगते त्ये लिव्हा. हिनं कुनालाबी वाटंत सोडलं न्हाई."

मी लिहिलं. हात न उचलता, एका दमात. ते माझं आयुष्यातलं सर्वांत चांगलं अक्षर.

नगरचा माणूस आला. सोबत साहेब. माझ्या कपाळी अष्टगंध, अंगात धुतलेला कोट, कौतुक स्वीकारायला सज्ज. तो माणूस घोडेगावच्या बाजारात म्हैस बघावी तसा ठमीभोवती फिरला; चाकाला लाथ मारली, पत्रा वाजवला. सोबतच्या पोत्यातून त्याने घण काढला, तेव्हा कौतुकासाठी जोडलेले हात मी सोडले. घण घेऊन कुणी अक्षर बघायला येत नाही.

हळूहळू, मंडळी, फार हळूहळू, मला मराठी कळू लागली.

मी बाईंकडे पाहिलं. त्या ठमीला हात लावून उभ्या होत्या. पालथा नव्हे, अख्खा तळहात. तसा हात लावताना मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं.

भंगारवाला टाकीपाशी आला आणि थबकला. "ह्ये काय लिव्हलंय?" त्याला मोडी येत नव्हती. शेजारी एक म्हातारा मुकादम तंबाखू मळत उभा होता. त्याने मान तिरकी करून, एकेका अक्षरावर बोट ठेवत मोठ्याने वाचलं, "हिने... कोणालाही... वाटेत... सोडले नाही."

वाचून झाल्यावर त्याने तंबाखू तशीच मुठीत धरली आणि दुसऱ्या हाताने टोपी काढली. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

भंगारवाल्याने साहेबांकडे पाहिलं, बाईंच्या गळ्यातल्या क्रुसाकडे पाहिलं, आणि घण पोत्यात घातला. "सायेब, आसलं थडग्यावर लिव्हत्यात. आपला धंदा लोखंडाचा हाय. थडगं फोडायचा न्हाई." साहेबांनी त्याला नाना प्रकारे समजावलं. तो गेला तो गेलाच.

मग साहेब माझ्याकडे वळले. "मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"मोडीत काढा म्हणालात, साहेब."

"मग?"

"काढली की. मोडीतच काढली."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि टाकीवरची ओळ शेवटपर्यंत वाचली. "अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले. "चूक माझी. तुम्हाला बाळबोधीत सांगायला हवं होतं." जाताना थांबून म्हणाले, "राहू द्या तिला. नाहीतरी जागा कुठे अडवतेय?"

बाईंनी त्यानंतर पुष्कळ हंगाम काढले. शेवटी गुडघ्यांनी ऐकेना, तेव्हा त्या स्वतःहून श्रीरामपूरला भाचीकडे राहायला निघाल्या. टांग्यात बसायच्या आधी ठमीकडे गेल्या, हात लावला. मी कितीतरी दिवस पोटात ठेवलेला प्रश्न विचारला. "बाई, खरं सांगा. त्या दिवशी साहेबांचं बोलणं तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना?"

"मला कुठलं कळतंय, काटेभाऊ?" बाई म्हणाल्या. "मला मोडी येत न्हाई, आन मोडायबी येत न्हाई." आणि हाताची पालथी बाजू माझ्या गालाला लावून टांग्यात चढल्या. निकाल काही सांगितला नाही.

त्या गेल्याचा निरोप आला तो एका रविवारीच. मी आणि कंपाउंडर ठमीपाशी गेलो. चिंच आणायची कुणालाच आठवण नव्हती. टाकीवरची ओळ फिकट झाली होती. मी सफेदा आणून ती पुन्हा गिरवली, आधी रेघ, मग अक्षरं. गिरवून झाल्यावर पालथा हात ठमीच्या पोटाला लावला.

"ऊब हाय," मी म्हणालो.

कंपाउंडरने वर पाहिलं. आभाळ गच्च भरलेलं होतं, सकाळपासून उन्हाची तिरीपही पडली नव्हती. माझ्यासारख्या नाटक्याची एरवी त्याने चांगलीच फिरकी घेतली असती.

त्याने आपलाही हात पालथा करून ठमीला लावला. "हाय," तो म्हणाला.