पार्बताबाईंसाठी लावलेली फुलं

वामनराव गावंडे अकोट डेपोत एसटीचे ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर त्यांनी अकोल्यात डाबकी रोडला छोटं घर बांधलं. घराचा रंग वाळतो न वाळतो तोच त्यांच्या बायकोची, पार्बताबाईंची, नजर काचबिंदूनं गेली.

पार्बताबाई रडत बसल्या नाहीत. जुडी मेथीची की पालकाची, दूध उतू जायला आलं की नाही, दारात कोण उभं आहे, हे सगळं त्या वासावरून ओळखायच्या. "डोये गेले त गेले, नाक हाय ना माहं," म्हणायच्या.

त्यांची मुलगी रागिणी अमरावतीला केळीची टिश्यू कल्चर रोपं करणाऱ्या एका लॅबमध्ये कामाला होती. तिथे कुणीतरी हौसेनं सुवासिक ऑर्किडचं बी काचेच्या बाटल्यांत रुजवलं होतं. २०१९च्या दिवाळीत त्यातली एक बाटली तिनं घरी आणली. आत जेलीसारख्या खाद्यावर नखाएवढी हिरवी रोपं दाटीनं उभी होती.

"बाबा, याले जानेवारीत फुलांचा घोस येते. वास पुऱ्या अंगणात जाईन. पण चार-पाच वर्षं थांबा लागते."

"थांबू ना. तुह्या मायले काहीतरी नवं पायजे."

वामनरावांनी बाटलीतून रोपं काढली, कोमट पाण्यात मुळांची जेली धुतली आणि एकेक रोप नारळाच्या शेंड्या, कोळशाचे तुकडे घातलेल्या लहान टोपलीत बसवून टोपल्या व्हरांड्यात आकड्यांना टांगल्या. निम्मी त्याच हिवाळ्यात सडली. मग आला अकोल्याचा उन्हाळा. ही झाडं ओल्या, दमट जंगलातली. वामनरावांनी व्हरांड्याला हिरवी जाळी बांधली, ओली पोती लटकवली, आणि घरातला कूलरही रोपांकडे वळवला.

"आमी मेलो तरी चालते, झाडं जगली पायजे!" आतून पार्बताबाई ओरडायच्या. पण शेजारणींना कौतुकानं सांगायच्या, "माह्यासाठी लावून राहिले बरं."

२०२१च्या उन्हाळ्यात दोघांनाही कोरोना झाला. ताप उतरला तसे वामनराव भिंत धरून उठले, ते पोती भिजवायला. त्यानंतर पार्बताबाईंच्या हातून दूध करपू लागलं. भाजी खाली लागली तरी कळेना. वय झालं, असं वामनरावांनी मनाशी ठरवलं.

२०२५च्या जानेवारीत सगळ्यात थोराड झाडाला फुलं आली. वेणीसारखा लोंबता घोस, पांढऱ्यावर जांभळे ठिपके. सकाळी ऊन चढलं की वास फाटकापर्यंत जायचा. वामनरावांनी पार्बताबाईंची खुर्ची बरोबर त्या टोपलीखाली ठेवली.

"आला काय वास?"

त्यांनी लांब श्वास घेतला. "आला ना. लय गोड हाय."

वामनराव रस्त्यानं जाणाऱ्यांनाही बोलवून वास घ्यायला लावू लागले. रविवारी रागिणी आली आणि लॅबमध्ये दाखवायला ते झाड घेऊन गेली. आईला सांगायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वामनराव चहा घेऊन आले. पार्बताबाई रिकाम्या आकड्याखाली बसल्या होत्या.

"आज त लयच घमघमून राहिलं," त्या म्हणाल्या.

वामनरावांनी चहा खाली ठेवला. वर आकड्याकडे पाहिलं.

"काहून बोलत नाही तुमी?"

"पार्बता, झाड नाही अठी. पोरगी घेऊन गेली काल."

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "कोरोनात गेला थो वास आलाच नाही परत."

"अन् मले सांगतलं नाही?"

"तुमी तापातून उठून पोते वले करून राहिले होते. सांगतलं असतं त झाडं फेकून देल्ले असते तुमी. मी तुमच्या आवाजावरून सांगत होती, फूल चांगलं हाय म्हणून."

वामनराव मागच्या अंगणात गेले. पाण्याचा नळ सोडून तिथेच उभे राहिले. हुंदका बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून.

झाड परत आलं. पार्बताबाईंनी हट्टानं खुर्ची तिथेच ठेवायला लावली. "मले नाही येत, तुमी सांगा कसा येते." वामनराव कधी बोलके नव्हते. अडखळत सांगायचे, लिंबाची फोड कापल्यासारखा, थोडा नव्या साबणासारखा. त्या हसायच्या. फुलं सुकेपर्यंत रोज असं चाललं.

मे महिन्यात गल्लीतला विजेचा डीपी जळाला. कूलर, मोटर, सगळं बंद. वामनराव भर दुपारी हापशीवरून बादल्या आणत होते, तिथेच पडले. उष्माघात. दवाखान्यात रागिणी त्यांच्याजवळ थांबली. घरी पार्बताबाई एकट्या. दुपारी त्या हातानं चाचपत एकेका टोपलीपाशी जायच्या आणि लोट्यानं पाणी घालायच्या. पाणी पानांच्या मधल्या खाचेत साचायचं, उन्हानं तापायचं आणि झाड आतून सडवायचं.

वामनराव घरी आले आणि आधी व्हरांड्यात गेले. प्रत्येक झाडाचा गाभा काळा पडून मऊ झाला होता. पान धरलं की हातात यायचं.

"जगली ना?" पार्बताबाईंनी विचारलं.

"नाही."

"एकही?"

"नाही अवं."

"म्या त रोज पाणी घातलं. माह्या हातानं गेले काय?"

"उन्हानं गेले," वामनराव म्हणाले. "यंदा ऊनच तसं होतं."

त्यांना ते पटलं की नाही, हे वामनरावांना कळलं नाही. पुढे दिवाळीत रागिणीनं दुसरी बाटली आणू का, असं विचारलं. वामनरावांनी तिच्या आईकडे बोट दाखवलं, तिलाच विचार.

"नोको," पार्बताबाई म्हणाल्या. "लहान लहान पोरं पोसल्यासारखं हाय थे. आता नाही होत आमच्यानं."

त्या संध्याकाळी वामनरावांनी जाळी सोडली, घडी घालून माळ्यावर टाकली आणि कूलर पुन्हा आतल्या खोलीकडे वळवून ठेवला.