भागूच्या चवड्यावर झालेला अन्याय

माझी धाकटी बहीण भागू हिच्यावर गेल्या रविवारी सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी अन्याय झाला. ठिकाण : खटकचिंचोळी, आमच्या घराची पडवी. अन्याय करणाऱ्याचं नाव मी खाली देतोच. घाबरतो की काय!

भागू बॅले शिकते. होय, बॅले! (गावात पहिलं वर्ष ‘ते कुठल्या हंगामात येतंय?’ हे ऐकण्यातच गेलं.) बिदरला बदलीवर आलेल्या एक मॅडम शिकवतात, तीन वर्षं पोरगी बसनं जाऊन-येऊन करते. आता हैदराबादच्या उन्हाळी शिबिरात एकच जागा होती आणि परीक्षा व्हिडिओ कॉलवर : एका पायाच्या चवड्यावर, टाच उचलून, तीस सेकंद उभं राहायचं. घोटा आत कलला की संपलं.

मी आजवर पाणी, रस्ता आणि बसथांबा यांच्यासाठी पत्रकं काढली. पायासाठी पहिल्यांदाच! दोन दिवस फोनवर वाचून मी तज्ज्ञ झालो. पायाचा भार तीन ठिकाणी : टाच, अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ. याची मी घोषणाच केली. भागू भाकरी खायला बसली की मी मागून,

“भार कुठं?”

“तीन ठिकाणी! आता जेवू दे की, अण्णा!”

त्यातच वाचलं, मोठमोठ्या नर्तिका बुटात बोटांपाशी मेंढीची लोकर भरतात. म्हणजे मेंढरं आमची, लोकर आमची आणि मऊ बोटं परदेशी बायांची? चालणार नाही! मी मल्हारीकाकांच्या पोत्यातून दोन मुठी लोकर उचलली. काका म्हणजे वडलांचे थोरले भाऊ. घरात मेंढरं आता त्यांनीच ठेवलीत. काठीला टेकून, एक पाय दुमडून अख्खा दिवस उभे राहतात.

“आरं, कामून न्यायलास ती? आजून पिंजली न्हाई. सराटे असतेत तिच्यात.”

(सराटा म्हणजे सायकल पंक्चर करणारा तो रानातला काटा.)

“काका, हे शास्त्र आहे.”

“व्हय? मग शास्त्राला टोचत नसंल.”

ती लोकर मी भागूच्या बुटात, बोटांपाशी ठासली. रविवारी अकराला शिबिराच्या मॅडमचा फोन आला. तो धरायचं काम मी स्वतःकडे घेतलं. सात मिनिटं पाय मोकळे करण्यात गेली. तळवा सपाट होता तोवर सगळं झकास. मग मॅडम म्हणाल्या, “टाच वर!” भागू चवड्यावर चढली आणि तिचे डोळे असे विस्फारले, की मॅडम खूश. “वा! चेहऱ्यावर केवढा भाव!”

दहा सेकंद. पंधरा. घोटा थरथरायला लागला.

“भार तीन ठिकाणी!” मी ओरडलो.

“टाच वर हाय, अण्णा! तिसरं कुठून आणू?”

मुद्दा बिनतोड होता. म्हणून मी तो ऐकला नाही. करूनच दाखवावं म्हणून फोनसकट एका चवड्यावर चढलो. माझा घोटा आत गेला, गुडघा बाहेर गेला आणि उरलेला मी भागूवर गेलो!

फोन उडून उंबऱ्याला टेकला. त्यात आता समोरची मोकळी जागा दिसत होती, तिथं मेंढरं आणि एका पायावर काका. फोनमधून आवाज आला, “ते मागचे कोण? घोटा बघा त्यांचा! हलतसुद्धा नाही! आजोबा, नजर कुठं ठेवता?”

“एका मेंढरावर,” काका मान न वळवता म्हणाले. “ते थिर, तर आपुन थिर. आता बोलू नका बाई, ते पळायलंय.”

मॅडमनी हे लिहून घेतलं! भागूला मात्र सांगितलं, “सतरा सेकंद. कमी पडले, बाळा.”

तासाभरात, पाय बादलीत बुडवून, मी पत्रक लिहिलं : ‘ग्रामीण पायांविरुद्ध शहरी कट!’ पहिली प्रत भागूपुढं ठेवली. तिनं परीक्षेचा बूट आणला आणि पत्रकावर झटकला. तीन सराटे पडले.

“तीन ठिकाणी, अण्णा. मोज.”

एक सराटा नेमका पत्रकाच्या तळाशी पडला होता, ‘आपला, निमंत्रक’ याच्यापुढं. अन्याय करणाऱ्याचं नाव तिथंच होतं. माझ्याच अक्षरात.

भागूनं सराट्यांसकट पत्रकाचा फोटो काढून मॅडमना पाठवला. मॅडमनी येत्या रविवारी अकराला पुन्हा संधी दिली आहे. अटी दोन : समोर नजरेला काका उभे पाहिजेत आणि भाऊ घरात नको.

म्हणून वाचकहो, ही माझी जाहीर मागणी आहे : रविवारी साडेदहाला मला आमच्या घरातून उचलून न्या. चहा नको, सरबत नको. कितीही घोषणा दिल्या तरी बारापर्यंत सोडू नका. आणि येताना गाडी आणा. घोट्याला प्लास्टर आहे. एका पायावर मला उभंच राहता येत नाही!