पहिल्या नळाचा हर्रास

लग्न होऊन रायगडातून लातूरला आले, तेव्हा शेजारणींनी माझ्या धर्माचा निकाल दोन दिवसांत लावून टाकला. शनिवारी चूल पेटवत नाही, म्हणजे मारुतीचा कडक उपास! मी ज्यू आहे, आमच्यात शनिवार विश्रांतीचा, हे सांगून सांगून थकले आणि शेवटी मारुतीलाच शरण गेले. पुढं औशाजवळच्या एका गावी शाळेत शिक्षिका झाले, तिथंही ही ख्याती माझ्याआधी पोचली होती.

त्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी वर्षानुवर्षं गावच्या बोअरवरून डोक्यावर पाणी आणत. गेल्या वर्षी पाठीनं दगा दिला. ओझं उचलाल तर अंथरूण धराल, असं डॉक्टरांनी बजावलं. पाणी आणणं होईना म्हटल्यावर काम दुसरीला जाणार, हे उघड होतं. "काम गेलं तर म्या घरी काय भिंतीशी बोलू?" त्या मला म्हणाल्या. बोअरपासून शाळेपर्यंत पाइप आणि एक टाकी, एवढंच हवं होतं. आम्ही अर्ज केले. अर्ज गेले ते गेलेच.

मग मला आमच्या सिनेगॉगमधली बोली आठवली. आमचा धर्मग्रंथ, तोरा, ज्या कपाटात असतो ते उघडण्याचा मान बोली लावून घेतात. त्यातून कुणाची औषधं निघतात, कुणाची शाळेची फी. लहानपणी मला राग यायचा, देवाच्या दारात कसली चढाओढ? पण मान मिळणार म्हटलं की घट्ट मूठसुद्धा सैल होते, हे मास्तरकीनं मला शिकवलं. इकडं लिलावाला हर्रास म्हणतात. ठरवलं, शाळेचा पहिला नळ उघडण्याच्या मानाचा हर्रास करायचा. पैसा बोलायचा नाही, ज्याच्याकडं जे असेल ते बोलायचं.

रविवारी शाळेचा व्हरांडा गच्च भरला. कुणी ट्रॅक्टरभर वाळू बोललं, कुणी टाकीच बोललं. मग उसाचे एक बागायतदार काका उठले. "समदा पाइप माझा." त्यांच्यापुढं कोण जाणार? मी "एकदा, दोनदा" म्हणाले, तोच मागून आवाज आला.

"पाच दिवस चर खांदणार!"

मावशी! कमरेला पट्टा बांधून उभ्या. माझ्या तोंडचं पाणी पळालं. पाइप सोडावा तर यांचंच काम जाणार, आणि पाइप धरावा तर यांना तोंड कसं दाखवू?

काकांनी टोपी सारखी केली. "म्या बोली मागं घेतो." माझा चेहरा बघून हसले. "बोली म्हणलं बाई, पाइप न्हाई. पाइप उद्याच येतो." मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

मावशींना खणू देणं शक्यच नव्हतं, पण त्या ऐकेनात. "म्या काय फुकटात मान घ्यायले का?" शेवटी तडजोड झाली. पाच दिवस त्या लिंबाखाली खुर्ची टाकून बसल्या आणि खणणाऱ्यांना पिटाळत राहिल्या. काकांनाही सोडलं नाही. "चर खांदायलात का कोंबडीवानी उकरायलात?" काकांसकट सगळे हसले.

बोललेली टाकी आणि वाळूही आली. नळाच्या दिवशी सारा गाव जमला. आमच्यात मान घेणाऱ्याला वडिलांच्या नावासकट मोठ्यानं पुकारतात. मी ऐटीत पुढं झाले, तोंड उघडलं आणि गप्प झाले. इतकी वर्षं त्यांच्या हातचं खाल्लं, आणि मला त्यांचं नाव माहीत नव्हतं! लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. जवळ जाऊन कानात विचारलं. त्यांनी पदर सावरला आणि हळूच सांगितलं, स्वतःचं आणि वडिलांचंही. मी ते घसा फुटेस्तोवर पुकारलं.

मावशींनी तोटीकडं नेलेला हात मागं घेतला. "अजून एकडाव घ्या की बाई. लई दिसांनी ऐकलं."

मी पुन्हा पुकारलं. तिसऱ्यांदा पोरांनी पुकारलं, तेव्हा कुठं त्यांनी तोटी फिरवली.