पोच मिळालेला अहवाल

सोमवारी भाताच्या खाचरात चिखलणी करताना औताचा फाळ युसुफभाईंच्या पोटरीत घुसला. मंगळवारी त्यांना मुळशी तालुक्यातील एका दवाखान्यात दाखल करून पेनिसिलिनची इंजेक्शने सुरू झाली. गुरुवारी जखमेची पट्टी हिरवट झाली. शनिवारी पुवाचा अहवाल आला. पुढल्या मंगळवारी त्यांना बेशुद्धावस्थेत पुण्याला हलवले आणि बुधवारी सकाळी ते गेले. वार आधी नोंदवले, कारण त्यांविषयी वाद संभवत नाही. जबाबदार तिघे : हिरवी पट्टी पाहूनही औषध न बदलणारे वैद्यकीय अधिकारी, अहवाल फाइलीत ठेवून देणारा आवक-जावक लिपिक, आणि तिसरा मी. दवाखान्याचे नाव लिहीत नाही. संबंधितांना ते ठाऊक आहे.

युसुफभाई पौडच्या बाजारपेठेतले. पुण्यातील एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत ते तंत्रज्ञ होते, मी दिवाणी न्यायालयात कारकून. वर्षानुवर्षे सकाळच्या एसटीत आम्ही एकाच बाकावर बसत असू. मी माझ्या तक्रार-अर्जांचे मसुदे वाचून दाखवी आणि ते मनापासून चेष्टा करीत. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला प्रयोगशाळेत नेले आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला लावला. दोन काचपट्ट्यांवर एकाच रीतीने रंग दिला होता. तरी एकीवर जांभळे ठिपके होते, तर दुसरीवर तांबड्या बारीक काड्या.

“जांभळे हायेत त्यांची भिंत उघडी,” ते म्हणाले. “पेनिसिलिन भिंतीवर जातं, जंतू फुटतो. ह्या तांबड्यांच्या भिंतीवर अजून एक आवरण हाय, तेलकट. त्याला बारीक भोकं. मावंल ते आत, बाकीचं भाईर.”

“म्हणजे औषध कुचकामी?”

“औषध चांगलं हाय तात्या, पोचतच न्हाई! तुमच्या अर्जावानी. आवकच्या खिडकीतनं आत गेला तर सायेब वाचणार ना?”

शेजारचे सहायकही हसले. परतीच्या एसटीत मी भुगावपर्यंत दुसऱ्या बाकावर बसलो.

त्या गुरुवारी मी दवाखान्यात गेलो तेव्हा त्यांनी स्वतःच्या पट्टीचा वास घेतला आणि शांतपणे सांगितले, “तांबड्यातला हाय. लई चिवट जात.” डॉक्टर फेरीवर आले तेव्हा त्यांनी हेच त्यांनाही सांगितले. उत्तर मिळाले, “इथे तुम्ही रुग्ण आहात, तंत्रज्ञ नाही.” सुदैवाने त्याच दुपारी युसुफभाईंच्या प्रयोगशाळेतले एक सहकारी भेटीस आले होते, ते निर्जंतुक नळीत पू घेऊन गेले आणि शनिवारी दुपारी अहवाल घेऊन परतले. युसुफभाईंचे निदान अक्षरशः खरे ठरले होते. प्रयोगशाळेत जंतूंच्या थरावर ठेवलेल्या पेनिसिलिनच्या कागदी चकतीला अगदी चिकटून जंतू वाढले होते. जेंटामायसिनच्या चकतीभोवती मात्र स्वच्छ मोकळे वर्तुळ होते. त्या आवरणातूनही आत जाणारे औषध सापडले होते. ते पुण्याच्या दुकानांत मिळत होते. हवी होती ती डॉक्टरांची सही.

डॉक्टर तोवर घरी गेले होते. “तात्या, सायेब भुकूमला राहत्यात,” युसुफभाई म्हणाले. “आत्ताच्या गाडीनं जा, कागद हातात ठेवा. भांडा, पाय धरा, काय बी करा.”

आणि मी, आयुष्यभर लेखी पुराव्यावर विश्वास ठेवलेला माणूस, म्हणालो, “तोंडी बोलण्याला उद्या कोण विचारतो? रीतसर अर्ज करू, अहवाल जोडू, पोच घेऊ.” अर्ज उत्तम लिहिला. खिडकी बंद होण्यापूर्वी शिक्का मारून घेतला. युसुफभाईंनी ती पोच नीट वाचली, मला परत दिली आणि एवढेच म्हणाले, “झ्याक लिवलंय…” रविवारी कार्यालय बंद. सोमवारी फाइल हलली नाही आणि त्यांच्या हुडहुडीने खाट मात्र हलू लागली. तेव्हाही मी लिपिकाला स्मरणपत्रच दिले.

माझ्या नोटिशीला वैद्यकीय अधिकाऱ्यांचे लेखी उत्तर आले आहे : “सदर अहवाल माझ्यासमोर ठेवण्यात आला नाही.” हे विधान खरे असावे. माझा आरोप तोच आहे. ते उत्तर आणि ती पोच घेऊन मी जैनबवहिनींकडे, युसुफभाईंच्या पत्नीकडे, गेलो. त्यांनी दोन्ही कागद हातातही घेतले नाहीत. “तुमी कागद दिला, त्यांनी कागद ठिवला,” त्या म्हणाल्या. “माणूस कुणी बघितला, तात्या?”

 पत्रे लिहिणे मी सोडणार नाही. मात्र पत्र देऊन घरी परतणे सोडले आहे. गेल्या आठवड्यात त्याच दवाखान्यात ताम्हिणीच्या एक बाई मला दिसल्या. विळ्याने तळहात कापलेला, पेनिसिलिन चालू, पट्टीच्या कडेला हिरवट डाग. या वेळी मी अर्ज केला नाही. पहिल्या एसटीने भुकूमला गेलो आणि डॉक्टरांच्या दारात उभा राहून सारे सांगितले. ते म्हणाले, “बघतो.”

डॉक्टर, “बघतो” हे उत्तर नव्हे. त्या बाईंच्या हातातला पू तपासायला पाठवला का? कोणत्या वारी? आज त्यांना कोणते औषध चालू आहे? मला खाजगी पत्र नको. हे पत्र छापणाऱ्या वृत्तपत्राच्या याच पुरवणीत, आपल्या नावानिशी, त्या बाई दवाखान्यात आहेत तोवर उत्तर द्या.