तुझं म्हननं काय?

वसईच्या किनाऱ्यावरच्या आमच्या कोळीवाड्यात गावकीची एक रीत आहे. जाळं चोरणारा असो की आईवर हात उगारणारा, त्याला मधोमध उभं करायचं आणि आधी विचारायचं, "तुझं म्हननं काय?" तो बोलून मोकळा होईपर्यंत कुणी निकाल द्यायचा नाही. या रीतीचा मला भारी तोरा होता. माहेरी गेले की हेच सांगत सुटायचे.

मासळी सुकवायला माझ्याकडे एक बंगाली बाई होती. वळांडीवर बोंबील टांगता टांगता आमच्यासारख्याच शिव्या द्यायला शिकलेली. सासू अंथरुणाला खिळली, तेव्हा तिचं हगणं-मुतणं हिनंच काढलं. माझे थोरले दीर गावकीचे पाटील. तेव्हा म्हणाले होते, "ही आता आपल्यातलीच."

एका सकाळी पोलिसांनी तिला वळांडीखालूनच उचललं. म्हणे बांगलादेशी! "मी मालद्याची, मालद्याची," ती ओरडत होती. मालदा म्हणजे आपल्याच पश्चिम बंगालातलं. कोण ऐकतो!

भुईगावची माझी भाची वकिली शिकते. फोनवर म्हणाली, "आत्या, ती मालद्याची असो नाहीतर बांगलादेशची, अटक केली की चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यायलाच पाहिजे. वकीलही मिळाला पाहिजे. घटनेनं हा हक्क परक्यालाही दिलाय. गावातली चार माणसं घेऊन जा. ओळखतो म्हणून सांगा आणि कोर्टात न्या म्हणून हटून बसा."

मला हायसं वाटलं. अगं बाई, ही तर आमच्या गावकीचीच रीत! दिरांकडे धावले. "तू हो पुढं, आम्ही आलोच," ते म्हणाले.

आले की! पोलीस ठाण्यात ती बाकड्यावर बसलेली. दिरांना बघून तिचा चेहरा उजळला. "दादा आला," म्हणाली. साहेबांनी विचारलं, ओळखता का? दिरांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "नाय साहेब. असल्या लोकांशी गावचा काय संबंध?" बरोबरचे माना डोलवत उभे. आपल्या बोटींवरच्या परगावच्या खलाशांची चौकशी लागेल, ही मेल्यांची भीती. केसानं गळा कापला हो तिचा, आणि माझाही.

मी एकटीच कोर्ट कोर्ट करत राहिले. "घरी जा, मावशी," साहेब म्हणाले. दुसऱ्या दिवशी बाकडं रिकामं होतं.

पुढे कधीतरी तिचा फोन आला. सीमेपलीकडे ढकलून दिलेलं, कुठल्या जजनं तोंडही पाहिलं नव्हतं. पण तिनं त्याबद्दल काही विचारलं नाही. "दादानं मला ओळखलं कसं नाही?" एवढंच विचारत रडत राहिली.

मध्यंतरी गावकी बसली. बोटीच्या नांगराचा दोर चोरणारा मधोमध उभा. दिरांनी घसा खाकरला. "तुझं म्हननं काय?"

माझं डोकंच फिरलं. "चोराला विचारता, भाऊजी! तिला का नाय विचारलंत?"

"ती गावची नव्हती."

"आईचं करताना होती?"

दीर चोराकडे वळले.

"हां, तू बोल."