ढाळ दाराकडे

धुकं एवढं दाट होतं की समोरच्या इमारतीचे नुसते दिवे दिसत होते, आणि नळाचं पाणी हाताला चावत होतं. अशा सकाळी शहाणा माणूस पांघरूण ओढून घेतो. मी एका बाईंच्या बाथरूममध्ये गुडघ्यांवर बसून सिमेंट-वाळूचा माल कालवत होतो. गुडघ्यांवर बसलो हे खरं, पण बसायला किती वेळ लागला ते विचारू नका. आधी दाराची चौकट धरायची, मग उजवा पाय मागे सोडायचा, मग कंबरेतून निघालेली वीज पायाच्या करंगळीपर्यंत जाऊ द्यायची. ती गेली की खाली यायचं.

सव्वीस वर्षं मी फरश्या बसवतोय. पाणसळ म्हणून एक पट्टी असते, तिच्यातला बुडबुडा मधोमध आला की समजायचं, फरशी सपाट आहे. मोरीच्या जाळीकडे पाणी वाहावं म्हणून ढाळ, म्हणजे उतार, किती दिला तेही तीच सांगते. बाकीचे कारागीर दर दोन फरश्यांना ती लावतात. मी लावत नाही. एक डोळा मिटून नजर फिरवली की मला कळतं, असं मी इतकी वर्षं सांगत आलोय आणि फरश्यांनीही माझी लाज राखली. पाणसळ पिशवीत असते, पण तिचा उपयोग जेवणाचा डबा आडवा होऊ नये एवढाच.

चार वर्षांपूर्वी मावसभाऊ विम्याचे कागद घेऊन आला होता. मी कंबरेवर थाप मारून म्हटलं, ही कंबर नाही, लोखंडाची कांब आहे, आणि चहा पाजून त्याला वाटेला लावलं. गेल्या वर्षी कांब गंजली तेव्हा मीच त्याच्या दारात गेलो. फॉर्मात प्रश्न होता, आधीचं काही दुखणं आहे का. नको तिथे खरं बोलायची मला जुनी खोड. उत्तर आलं की कंबर आणि तिच्या नात्यागोत्यातलं सगळं वगळून बाकीच्या शरीराचा विमा होईल. म्हणजे जे दुखत नाही त्याचे पैसे मी भरायचे. नको, म्हटलं, आणि ऐटीत उठलो. दारापर्यंत ऐट टिकली नाही, एवढंच.

मग घरगुती इलाज. मेहुण्याने पट्टा दिला, तो त्याच्या पोटाच्या मापाचा होता, माझ्या अंगावर दोन वेढे बसले. शेजाऱ्याने तेल दिलं, त्याच्या वासाने मांजर घर सोडून गेलं. शेवटी मी वीट तापवून फडक्यात गुंडाळली आणि पाठीखाली घेतली. पाठ अशी भाजली की दोन दिवस पायाचं दुखणं आठवलंच नाही. गुण आला म्हणायचो मी त्याला.

हे सगळं दोघांपासून लपवून, बायकोपासून आणि मुकादमापासून. मुकादमाचा हिशेब सरळ होता: ज्याला खाली बसता येत नाही तो फरशीवाला नाही. मागे एका गुडघेवाल्याला त्याने पाठीवर हात ठेवून, गोड बोलून कायमचं घरी बसवलं होतं. आणि बाईंचं काम बघायला तो सोमवारी येणार होता.

तो शुक्रवार. दुपारी फरशी झाली. बादलीभर पाणी ओतून ढाळ दाखवायची माझी रीत आहे, म्हणून बाईंना मुद्दाम बोलावलं. बाई निवृत्त शिक्षिका, चष्मा दोरीने गळ्यात. मी पाणी ओतलं. ते जरा थबकलं, जाळीकडे बघितल्यासारखं केलं आणि दाराकडे निघालं. मी म्हटलं, पहिलं पाणी असंच जातं. दुसरी बादली ओतली. बाईंनी सपाता उचलून हातात घेतल्या.

मग बाई पाण्याकडे नाही, माझ्याकडे बघायला लागल्या.

"सरळ उभे राहा."

"सरळच आहे, बाई."

"चौकटीला उजवी बाजू लावा बघू."

लावली. कुल्ला चौकटीला टेकला, खांदा टेकेना. बाईंनी पट्टी आणून मोजलं, चांगलं चार बोटं अंतर. दुखरा पाय वाचवत वाचवत मी डावीकडे कलत गेलो होतो, आणि सगळं जगच उजवीकडे कललंय असं समजून फरशी नीट करत बसलो होतो. बाई म्हणाल्या, पोरांचं चुकलं की मी वहीवर लाल रेघ मारायची, तुमच्यावर कुठे मारू ते कळत नाही.

माल ओला होता तोवर फरश्या उचलल्या, धुतल्या, भिंतीला लावून ठेवल्या. घरी जाऊन बायकोला सगळं सांगून टाकलं. ती गणवेशाच्या कारखान्यात शिवणकाम करते, बोलताना हातातलं काम थांबवत नाही.

"मार्चपासून तुम्ही मोजे घालत नाही," ती म्हणाली. "वाकता येत नाही म्हणून. मला काय डोळे नाहीत?"

शनिवारी तिने मला सरकारी दवाखान्यात नेलं. कंबरेवाल्यांच्या दाराबाहेर चांगली बाकं होती, त्यांवर कोणी बसलेलं नव्हतं. सगळे माझ्यासारखे भिंतीला टेकून, एकेका पायावर, बगळ्यांसारखे. डॉक्टरीणबाईंनी मला उताणं झोपवून पाय सरळ वर उचलला. दुखतंय का विचारलं. मी नाही म्हटलं, पण ते अशा आवाजात की बाहेरचे दोघं आत डोकावले. नस दाबली गेली आहे, म्हणाल्या. गोळ्या, व्यायामाचा कागद, सहा आठवडे वाकायचं नाही. पाऊल बधिर पडलं तर धावत या. मी विचारलं, कोणत्या पायाने?

राहिला रविवार. मी म्हटलं, दोन गोळ्या जास्त घेतो आणि बसवून टाकतो. बायकोने डबा काढून पाणसळ पुसली.

"मी बसवते. तुम्ही बोला. बोलणं तुम्हाला जमतं."

बाई दारात खुर्ची टाकून बघत बसल्या. मी भिंतीला टेकून सांगत होतो, बायको खाली बसून माल पसरत होती, फरशीवर रबरी हातोडा मारत होती. कापडाची शिवण बघायची सवय, तिचा हात माझ्यापेक्षा हळू पण पक्का. एका फरशीला मी डोळा मिटून म्हटलं, ठीक आहे, पुढची घे. तिने वर बघितलंच नाही.

"तुम्हाला नाही, हिला विचारतेय," म्हणाली आणि पाणसळ ठेवली. बुडबुड्याने माझ्या विरोधात मत दिलं.

सोमवारी मुकादम आला. त्याने पाणी ओतलं, पाणी निमूट जाळीत गेलं. झाकता आलं असतं. पण बाई शेजारी उभ्या होत्या, आणि उठता-बसता मला कोण झाकणार होतं? मी कंबर, पाय, चौकट, सगळं सांगितलं. त्याने फरश्यांच्या सांध्यांवरून बोट फिरवलं.

"बसवली कोणी?"

"बायकोने."

"तिला विचार, रोज जमेल का." मग पाठीवर हात ठेवला. मला तो गुडघेवाला आठवला. "तू कापायच्या मशीनवर उभा राहा. सहा आठवडे. पुढचं पुढे बघू. आणि वाकलेला दिसलास तर बघ."

बायकोने निरोप ऐकून सांगितलं की तिच्या कारखान्यात बसायला खुर्ची मिळते, मुकादमाला म्हणावं, खुर्ची दे. मला मशीनवर उभं राहून आज चौथा दिवस. पायातली वीज अजून जाते-येते, मला कापलेल्या फरश्यांची धूळ खायला मिळते, आणि बाकीचे माझ्याकडून कापलेली फरशी नेताना मोजपट्टी लावून खात्री करतात. लावू देत.

बायकोने रविवारी माल पसरायची करणी न धुता तशीच पिशवीत टाकली होती. मी ती नळाखाली धरली आणि उभ्याउभ्याच तिच्यावर वाळलेला माल खरवडायला घेतला.