घोडीच्या पसंतीची मशीन

माझ्या मोठ्या मामांनी आधी स्वतःच्या अंगावर करून पाहिली नाही, अशी एकही गोष्ट उभ्या आयुष्यात कुठल्या जनावराला केली नसेल. आष्टीच्या बाजूला एका कोरडवाहू गावात ते राहतात. गोठ्यात नवी पेंड आली की पहिली चिमूट त्यांच्या जिभेवर. गोचिडांचं औषध आधी त्यांच्या पोटरीवर. वासराला खालची फरशी गार लागत असेल अशी शंका आली, तेव्हा थंडीतल्या एका पहाटे ते नुसत्या बनियनवर तिथे जाऊन पडले आणि पुढे आठवडाभर खोकत होते. घोडीसाठी लगाम आणला तो तोंडात धरून अंगणात फेऱ्या मारत असताना नेमके पाहुणे आले. मामांची परीक्षा पुरी झाली नव्हती, त्यामुळे ते लगाम काढायला तयार नव्हते. ह्यांची दाढ दुखतेय, असं सांगून मामींनीच पाहुण्यांना आत नेलं. लगाम पुढे वापरलाच नाही. लोखंड टाळूला टोचतं, असा निकाल देऊन मामांनी घोडीच्या तोंडाला बांधायची साधी सुताची मोरकी केली. हे सगळं ते फार गंभीरपणे करत, आणि कुणी हसलं तर त्याच्याकडे रागाने नाही, कीव आल्यासारखे बघत.

ती घोडी मुळात वरातीची. एका लग्नात फटाक्यांची लड तिच्या पायांत फुटली आणि तिचं काळीज जे उडालं ते परत जागेवर आलंच नाही. मालकाने ती विकायला काढली. मामा बाजारात गेले होते बैल बघायला, आले घोडी घेऊन. ना तुम्हाला बसता येतं, ना गाडीला जुंपता येते, मग ही आणली कशाला, असं मामींनी विचारलं. मामा म्हणाले, "समदी जनावरं गिऱ्हाइकाकडं बघत हुती. ही एकलीच भिताडाकडं तोंड करून उभी. तशीच सोडून यायची का?"

तिला आवाजाचं भय, आणि त्यातही घोंघावणाऱ्या आवाजाचं. भुंगा आला तरी तिच्या कातडीवर लाटा उठत. मामांचा मोबाईल खिशात थरथरला तरी ती दोर ताणायची. घरचा मिक्सर बंद झाला तो तेव्हापासून. मामी शेंगदाण्याच्या चटणीचं सामान ताटात घेऊन शेजाऱ्यांकडे जायच्या आणि वाटून आणायच्या. त्या कुरकुरत, पण जात.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस घोडीच्या खांद्यावर आणि पाठीवर खपल्या धरल्या. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, केस काढल्याशिवाय मलम कातडीपर्यंत पोचणार नाही, आणि हे अंगभर पसरलं तर तिचं काही खरं नाही. कात्री लावली की खपली ओढली जाऊन रक्त यायचं. केस कापायची मशीन लावायची म्हणजे तोच घोंघावणारा आवाज. डॉक्टरांनी गुंगीचं इंजेक्शन सुचवलं. मामा म्हणाले, "केस पुन्यांदा वाढणार, पुन्यांदा काढावं लागणार. दर टायमाला गुंगी द्यायची व्हय? जागी झाली की अंगावरचं केस गेल्यालं दिसणार, अन् कुणी नेलं ते कळणार न्हाई. लई वाईट हाय ते."

म्हणून ते बीडला माझ्याकडे आले. कमीत कमी आवाजाची मशीन घ्यायची होती. मी त्यांना बाजारपेठेतल्या एका ओळखीच्या चाचांच्या दुकानात नेलं. मामांनी पहिली मशीन सुरू करून जबड्याच्या हाडाला टेकवली, डोळे मिटले आणि मान हलवली. दुसरीचं तेच. जनावरांची म्हणून जी खास मशीन होती, तिचा आवाज ऐकून तर ते दुकानाची पायरी उतरून खाली उभे राहिले. मग त्यांना एक युक्ती सुचली. त्यांनी मामींना फोन लावला आणि मोबाईल घोडीच्या कानाजवळ धरायला सांगितला. इकडे चाचा एकेक मशीन फोनसमोर चालवत होते, तिकडून मामी घोडीचं म्हणणं कळवत होत्या. एकीला तिने दोर ताणला. एकीला पाय आपटला. शेवटच्या मशीनला मात्र तिने नुसता कान वळवला आणि कडबा खात राहिली. दुकानात गर्दी जमली होती, पण हसलं कुणी नाही. चाचांनी मशीन पुडक्यात बांधताना विचारलं, "मामा, घोडीची पसंती आली. पण फोनमधला आवाज अन् अंगावरचा आवाज एकच असतो का?"

नव्हता. खांद्याला मशीन लागताच घोडी उसळली, दोर तुटला आणि मामा दावणीवर आदळले. उजवं मनगट मोडलं. मी भेटायला गेलो तेव्हा हात प्लास्टरमध्ये होता. घोडी विका, असं मामी पहिल्यांदाच स्पष्ट बोलल्या.

दुसऱ्या दिवसापासून मामा रोज सकाळी घोडीपासून लांब, गोठ्याच्या दाराशी एका पाटावर बसू लागले आणि डाव्या हाताने मशीन स्वतःच्याच डोक्यावर फिरवू लागले. रोज पाट थोडा आत सरकायचा. डोक्यावरचे केस संपले. मग मिश्या गेल्या. त्या मिश्यांना तालुक्यात मान होता. डोकं आणि मिश्या दोन्ही सफाचट बघून गावात बातमी पसरली की ह्यांच्याकडे कुणीतरी गेलं. भाऊकीतली माणसं पंचे डोक्याला गुंडाळून गंभीर चेहऱ्याने ओट्यावर येऊन बसली, आणि कोण गेलं हे विचारायचं कसं म्हणून तशीच बसून राहिली. मामींनी सगळ्यांना चहा दिला आणि आत जाऊन डोळे पुसले. हसून आलेलं पाणी की रडून, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

हाताचं प्लास्टर निघाल्यावर एके सकाळी मशीन डोक्यावर चालू असतानाच घोडी दोन पावलं पुढे आली आणि तिने मामांच्या तुळतुळीत टाळूला नाक लावलं. मामा हलले नाहीत. मशीन बंद केली नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी ती तशीच चालू तिच्या मानेजवळ नेली, तिथे आपला तळहात ठेवला आणि आधी स्वतःच्या हाताच्या पाठीवरून फिरवली. मग हात काढला. त्या दिवशी फक्त पानाएवढी जागा साफ झाली. खांदा आणि पाठ मोकळी व्हायला बरेच दिवस गेले, पण मलम पोचलं आणि खपल्या गळून तिथे बारीक, मऊ केस आले.

परवा उन्हाळ्यात गेलो, तर मामांनी गोठ्याच्या दारातूनच हात वर करून मला थांबवलं. घोडी पाय पसरून चक्क आडवी झोपली होती. मी कधीच घोडं असं झोपलेलं पाहिलं नव्हतं.

मामा अगदी हळू बोलले. "घोडं उभ्यानंच झोपतं. आडवं कवा पडतं म्हाईत हाय? दुसरं कुणीतरी जागं हाय, असं वाटलं तरच."

ताटं वाढलीत, मामी वाट बघतायत, असं मी म्हणालो.

"तू जा, जेव. मी हाय जागा."

मी चपला हातात घेऊन घरात गेलो. मामींनी न विचारताच एक ताट झाकून ठेवलं, आणि आम्ही दोघं भांड्यांचा आवाज होऊ न देता जेवलो.